ब्रेक म्हंजी दागिना

शाळा सुटली की आमच्या मैदानात चिटपाखरूही उरत नसे. तरी हणेगावकर सर गाडी बाहेर काढताना आधी इंडिकेटर लावत आणि मगच फाटकाकडे वळत. बघायला कोण, तर स्टुलावर बसून डुलक्या घेणारे आमचे शिपाई गंगाधरमामा. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, हे कुणासाठी?"

"बाई, वळायचं हाय तर सांगून वळावं," सर म्हणाले. "कुणी बघून राहिलं का न्हाई, ते आपण कामून ठरवायचं?"

मी मराठी शिकवते आणि सर गणित शिकवत, पण बोलण्यात मी त्यांना कधीच हरवू शकले नाही.

नांदेडच्या या शाळेत मी त्यांच्यासोबत चौदा वर्षं काढली. त्यांचं गाव देगलूरच्या पुढचं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. रागावले की तेलुगूत पुटपुटत, लाडात आले की दखनीत बोलत, पाढे मात्र मराठीतच. बेताची उंची, अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, खिशाला दोन पेनं आणि तिसरं पेनासारखंच दिसणारं, टायरमधली हवा मोजायचं यंत्र. चाचणी परीक्षेत एका मुलीचं पेन बंद पडलं तेव्हा सरांनी घाईघाईत तिला ते यंत्रच काढून दिलं होतं. ती बिचारी बराच वेळ ते पेपरवर घासत बसली.

सरांची गाडी पांढरी, छोटी, चार दारांची, आणि अर्थातच जुनी घेतलेली. नवी गाडी घेणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव येई. "नव्या गाडीचा वास महिन्याभरात जातो, हप्ते सात वर्षं राहतात," हे ते नव्या गाडीचे पेढे खाता खाताच म्हणत. रंगाच्या बाबतीत तडजोड नव्हती. "आपल्याकडचं ऊन काळ्या गाडीत बसणाऱ्याला भाजून काढतंय. अन् पांढऱ्यावर धूळ दिसत न्हाई, म्हंजी आंघोळ कमी." गाडीची आंघोळ हा तर स्वतंत्र विषय. त्यांची एकुलती एक मुलगी मेघा लातूरला दिलेली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात सर तिच्याकडे राहून आले, आणि येताना अर्ध्या बादलीत गाडी धुवायची विद्या शिकून आले. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पिळलेलं, आणि उरलेलं काळं पाणी कुंपणाच्या मेंदीला. पुढे नांदेडात गोदावरी दुथडी भरून वाहिली तरी सरांची बादली अर्धीच राहिली.

गाडी चालवण्याबद्दल त्यांची मतं इतकी होती, की एक तास ऑफ मिळाला तर पुरत नसे. हॉर्न त्यांना आवडत नसे. हॉर्न वाजवायची पाळी आली म्हणजे आपण बघायला उशीर केला, असा त्यांचा हिशेब. पण सगळ्यात लाडकं मत ब्रेकचं.

"ब्रेक म्हंजी दागिना, बाई. असावा, चोख असावा, पण रोज घालून मिरवायचा न्हाई."

लांबून सिग्नल लाल दिसला की सर तिथूनच पाय उचलत, आणि गाडी आपली आपण रांगत जाऊन रेषेपाशी थांबे. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून बेजार होत. सर आरशात बघून म्हणत, "पेट्रोल जाळून वेग कमवायचा अन् पायानं दाबून मातीत घालायचा, ह्याला काय अक्कल म्हणावं?"

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आमच्या शाळेत दुसरं नावच निघत नसे. पार्किंगमध्ये पाच गाड्या उभ्या असत, पाचही पांढऱ्या, पाचही सरांनी पास केलेल्या. एका पालकानं मुख्याध्यापकांना विचारलं होतं, शाळेनं गाड्या घाऊकात घेतल्या का म्हणून.

त्यांची बघण्याची पद्धत मी आमच्याच गाडीच्या वेळी पाहिली. ह्यांच्या एका लांबच्या मावसभावाची गाडी मुदखेडला विकायला होती. सरांनी बजावलं, सकाळी सातला जायचं आणि सांगायचं नाही. आमचे हे भिडस्त. त्यांनी आदल्या दिवशी फोन करून टाकला. आम्ही पोचलो तर भाऊ बनियनवरच अंगणात उभे. सरांनी नमस्कार केला आणि सहज म्हणून बॉनेटवर तळहात ठेवला.

"सकाळी सकाळी कुठं जाऊन आलात?"

"कुठं न्हाई. उगं जराशी चालू करून ठेवली," भाऊ म्हणाले.

सरांनी खाली वाकून ब्रेकच्या पायट्यावरचं रबर बोटानं चाचपलं. मग मागच्या सीटवर जाऊन दहा मिनिटं गप्प बसून राहिले. चालवणारा एक असतो आणि बसणारे चार, म्हणून मतं मागच्या सीटवर मोजायची, असं ते म्हणत. त्यानंतर पोह्यांची तारीफ केली, चहा घेतला आणि निघालो. मुदखेड मागे पडल्यावर सर ह्यांना म्हणाले, "गाडी थंड असताना उठत न्हाई, म्हणून आपण यायच्या आधीच उठवून ठेवली. अन् मीटर म्हणतंय गाडी थोडीच पळाली, पण रबर झालंय गुळगुळीत. मीटर फिरवता येतं साहेब, रबर कोण फिरवतंय?" आमचे हे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. त्या भावाशी आमचं बोलणं अजूनही जरा जपूनच चालतं.

काटकसर सरांच्या लेखी गाडीपुरती नव्हती. खडूच्या तुकड्याला कागदाची गुंडाळी करून ते शेवटच्या कणापर्यंत लिहीत. लग्नाच्या पत्रिकांची कोरी बाजू त्यांच्याकडे कच्चं गणित सोडवायला जाई. एका श्रावणात मी स्टाफरूममध्ये नारळ किती महाग झालेत म्हणून कुरकुर करत होते. सर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "ओटीला नारळ लहान घ्यावा, बाई. मान नारळाचा असतो, मापाचा न्हाई. मोठा घेऊन त्याचं खोबरं कुणी खातंय का वेळेवर?" मला पटलं. तेव्हापासून मी ओटीला हाताच्या मुठीहून जरासा मोठा, असा लहान नारळच आणू लागले.

सर चिक्कू आहेत असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जाई आणि बोलणाऱ्यांत मीही होते. माझ्यापुरतं ते बोलणं लातूरच्या एका फेरीत बंद झालं. पेपर तपासणीच्या कामाला आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून गेलो होतो. परत येताना अहमदपूरला चहाला थांबलो. उसाचा हंगाम होता. हॉटेलसमोर ट्रॅक्टर उभे, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, उसानं लादलेल्या, आणि मागे दिवा नावाची वस्तू नाही. सर उतरले, डिकी उघडली आणि चमकणाऱ्या लाल पट्टीचं भेंडोळं आणि कात्री काढली. माझा चहा संपेपर्यंत त्यांनी चार ट्रॉल्यांच्या पाठींवर पट्ट्या चिकटवल्या. एक ट्रॅक्टरवाला धावत आला.

"ओ काका, काय करून रायले?"

"तुजी पाठ तुला दिसत न्हाई, बाबा," सर पट्टी दाबत म्हणाले. "मागच्याला तर दिसू दे."

ती पट्टी चांगल्यातली होती, स्वस्तातली नव्हती, आणि सर ती हात आखडता न घेता कापत होते. हंगामात दोन भेंडोळी लागतात म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांना चिक्कू म्हणणं सोडलं.

आता कदम सर. ते आमचे पीटीचे शिक्षक, आवाज मैदानाच्या मापाचा आणि स्वभावही तसाच मोकळा. त्यांना गाडी घ्यायची होती. औशाच्या एका आडत व्यापाऱ्याची गाडी सरांना पसंत पडली. रंग पांढराच, आणि बनावटही अगदी सरांच्या गाडीची. "माझ्या गाडीची धाकटी बहीण हाय," सर कौतुकानं सांगत. औशाच्या बाहेर रिकाम्या रस्त्यावर त्यांनी तीन वेळा करकचून ब्रेक दाबून पाहिला, आणि आजवर कुणाला म्हणाले नव्हते ते कदम सरांना म्हणाले, "ब्रेक एक नंबर. माझ्या जबाबदारीवर घ्या."

सोबत एक सूचना दिली. गाडीत सुटं काही ठेवायचं नाही. बाटली नाही, छत्री नाही, चेंडू तर अजिबात नाही. कदम सर हसून म्हणाले, "चेंडू शाळेतच ठेवतो, सर."

त्या नागपंचमीला कदम वहिनी पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीतून माहेरी देगलूरला निघाल्या. जाता जाता गाडी दाखवायला दोघं आमच्या दारात थांबले. बाई पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून माहेरी चाललेली, तिला रिकामी कशी पाठवणार? मी तांदूळ, खण आणि नारळ घालून ओटी भरली. मीच ती वहिनींच्या पदरातून कापडी पिशवीत ओतली आणि दोघं निघाले.

दुपारी फोन आला. नायगावच्या पुढे एका उतारावर शेरडं आडवी आली, ब्रेक लागला नाही, आणि गाडी रस्ता सोडून सोयाबीनच्या रानात घुसून बाभळीवर आदळली. शेरडं वाचली. कदम सरांना खरचटलंही नाही. वहिनींचं डावं मनगट मोडलं.

सर आणि मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा वहिनींचे भाऊ, आई, सगळे खाटेभोवती उभे होते. कदम सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, ब्रेकच लागला न्हाई. फेल होता." सर वहिनींच्या प्लास्टरकडे बघत उभे राहिले आणि थोड्या वेळानं बाहेर जाऊन बाकावर बसले. रविवारी ते एसटीनं नायगावच्या गॅरेजला गेले. ब्रेक फेल म्हटल्यावर मिस्त्रीनं ब्रेकचं सगळं सामान नवीन घातलं होतं आणि जुनं भंगारात देऊन टाकलं होतं.

"जुनं सामान हातात आलं असतं तर माझं काय चुकलं ते तरी कळलं असतं," सर मला म्हणाले. "आता कळायचा रस्ताच न्हाई, बाई."

त्यानंतर सर मिटले. खिशातलं हवा मोजायचं यंत्र गेलं. कुणी गाडी बघायला चला म्हटलं की "मला त्यातलं काही कळत न्हाई" असं म्हणून तास नसतानाही वर्गावर निघून जात. त्यांच्या गाडीवर एक जुनी चादर चढली. दर रविवारी चादर काढून पाच मिनिटं इंजिन चालू करत आणि पुन्हा चादर घालत. शाळेत ऑटोनं येत, ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर अंग चोरून बसून. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा बाजारात भेटल्या. त्यांचे गुडघे दुखतात. मेघाला दिवस गेले होते आणि दर पंधरा दिवसांनी लातूरची एसटी त्यांना झेपत नव्हती. "जेवताना मधेच घास धरून बसतात," त्या सांगू लागल्या. "म्हणतात, तीन वेळा दाबून बघितला होता मी. मी म्हणते, आहो, तुमी काय मुद्दाम केलं का? तर म्हणतात, बायकोला शेजारी बसवायचा भरवसा राहिला न्हाई मला माझ्या पायाचा." मी त्यांची पिशवी ऑटोपर्यंत नेऊन दिली.

आणखी एक गोष्ट घडली होती. कदम वहिनी माझ्याशी तुटक वागू लागल्या होत्या. हळदीकुंकवाला आल्या, वाण घेतलं आणि चहा न घेताच उठल्या. मी मनात म्हटलं, हात मोडलाय, माणूस चिडचिडं होतं.

मार्चमध्ये स्टाफरूमच्या फळ्यावर एक कागद लागला. मेअखेर सर निवृत्त होणार होते आणि लातूरला मेघाजवळ राहायला जाणार होते. कागदावर सरांचं मोत्यासारखं अक्षर. वर "गाडी विकणे आहे" आणि खाली गाडीचे दोष, एकेक करून. डाव्या मागच्या दाराची काच हाताने वर ओढावी लागते. वायपर मधेच अडखळतो. एसी आहे, फार अपेक्षा ठेवू नये. दुसरा गिअर सकाळी रुसतो, समजूत घालावी. वाचता वाचता आम्ही हसत होतो. शेवटच्या ओळीशी आलो आणि हसणं थांबलं. सरांनी लिहिलं होतं, "ब्रेक चांगले आहेत असे मला वाटते. पण माझ्या वाटण्यावर कुणी जाऊ नये."

कदम सर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ती ओळ वाचली. मधली सुट्टी होती, सर कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. कदम सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि मैदानभर पोचणारा त्यांचा आवाज टेबलापलीकडेही जाईना.

"सर, तेवढा कागद काढा."

"कामून? गाडी विकायची हाय."

"ब्रेक फेल न्हवता, सर. ब्रेकखाली नारळ होता."

सरांचा घास हातातच राहिला. कदम सर बोलत सुटले. वहिनींनी ओटीची पिशवी त्यांच्या सीटमागे खाली ठेवली होती. उतारावर नारळ पिशवीतून सुटला, सीटखालून घरंगळत पुढे आला आणि पायट्याखाली अडकला. गाडी बाभळीला लागून थांबली तेव्हा त्यांना तो पायाशी दिसला. वहिनी मनगट धरून, डोळे मिटून कण्हत होत्या; लोक जमायच्या आत त्यांनी तो उचलून रानात भिरकावला.

"मेव्हणे आले, सासू आल्या. हिचा हात मोडलेला. त्यात हिला सांगू काय, की तुज्याच ओटीचा नारळ आडवा आला? जल्मभर मनाला लावून घेतलं असतं हिनं. तोंडातून निघालं ब्रेक फेल. अन् एकदा निघालं ते परत घेता येईना, सर."

मला कदम सरांचा संताप आला. आठ महिने एका माणसाला तिळतिळ जळताना बघत होते, त्याच्याच शेजारी बसून डबा खात होते! मी बोलायला तोंड उघडलं, पण सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"नारळ केवढा होता?" त्यांनी विचारलं.

"आं?"

"माप, माप. हातानं दाखवा."

कदम सरांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. सर म्हणाले, "सोललेला? शेंडी होती?" होती. "पिशवी उजव्या अंगाला का डाव्या?" सरांचे डोळे बारीक झाले होते. गाडी बघायला गेल्यावर होत तसे. आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, ओटी मी भरली होती. तो नारळ माझा होता.

सर डबा तसाच टाकून उठले, कदम सरांच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेले. गंगाधरमामांना तीन नारळ आणायला पाठवून गेले, एक मोठा, एक मध्यम, एक लहान. अर्ध्या तासानं फाटकातून पांढरी गाडी आत आली. मैदान रिकामं होतं, पोरं वर्गात होती, आणि सरांचा डावा इंडिकेटर लुकलुकत होता. आठ महिन्यांनी सर गाडी चालवत होते आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या होतं. मला तिथेच रडू आलं आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

फाटकाजवळच्या उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. कदम सरांना चालकाच्या जागी बसवलं. सरांनी मागून एकेक नारळ सोडला. मोठा सीटखाली शिरेचना. मध्यम सीटच्या लोखंडात अडकून बसला. लहान मात्र गडगडत निघाला आणि थेट कदम सरांच्या पायाशी आला. सर मैदानातल्या धुळीत आडवे झाले, डोकं गाडीत घातलं आणि आतून ओरडले, "दाबा!"

कदम सरांनी दाबला. पायटा अर्ध्यावर जाऊन टक्कन थांबला.

"सोडा. परत दाबा. परत."

तीन वेळा दाबून झाल्यावर सर उठले. शर्ट धुळीनं माखला होता. ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "ब्रेक चांगला होता." मग पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं, "ब्रेक चांगला होता की!" आणि खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखे मडगार्डला टेकून उभे राहिले. कदम सरांनी त्यांचे पाय धरले. सरांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि दखनीत काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. शिव्या असाव्यात, कारण कदम सर हसत होते.

मग सरांनी तो लहान नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. "पण एवढुसा नारळ ओटीत घातला कुणी?"

"मी," मी म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं. ओटीला नारळ लहान घ्यावा. मान नारळाचा असतो, मापाचा न्हाई."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजी चूक माझीच हाय की!" असं म्हणून जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबले नाहीत. वर्गावर्गांतून मुलं खिडक्यांशी आली. स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मोठा नारळ त्यांनी दुकानात परत पाठवला. बाकीचे दोन तिथेच फोडून सगळ्यांना वाटले आणि करवंट्या घरी नेल्या.

संध्याकाळी आम्ही कदम सरांकडे गेलो. वहिनींना सांगायलाच हवं होतं, आणि ते सरांनीच सांगितलं, सावकाश, गणिताच्या पायऱ्या सांगाव्यात तसं. वहिनी ऐकून घेत होत्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नारळ घातला होता?"

"अहो, घातला होता म्हणजे? नारळाशिवाय ओटी असते का?"

"माहेरी जाऊन पिशवी उघडली तर नुसते तांदूळ अन् खण," वहिनी म्हणाल्या. "ओटी भरताना माझं ध्यान गाडीकडं होतं. मला वाटलं, बाईंनी नारळाविनाच ओटी भरली, म्हणून असं झालं. आठ महिने मनात ठेवलं मी. कुणाला सांगणार?" एवढं बोलून त्या हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, आणि मग बऱ्या झालेल्या हातानं त्यांनी सगळ्यांना चहा केला. मला दोन कप दिले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा कागद निघालेला होता. खिशात तिसरं पेन आलं होतं.

मेच्या शेवटी एका सकाळी सर आणि सुमनवहिनी कायमचे लातूरला निघाले. सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं, आणि जाता जाता दोघं आमच्या दारात थांबले; कदम सर आणि वहिनीही आले होते. मी आणि कदम वहिनींनी मिळून सुमनवहिनींची ओटी भरली. या वेळी मी बाजारात होता त्यात मोठा नारळ आणला होता. सरांनी तो बघितला आणि म्हणाले, "केवढी उधळपट्टी, बाई." पण घेतला. ओटी पिशवीत घातली, पिशवी मागच्या सीटवर ठेवली, सीटचा पट्टा तिच्या बंदांतून ओवून खटकन लावला आणि दोनदा ओढून पाहिला. मग सुमनवहिनींना पुढे बसवलं, त्यांचाही पट्टा लावला आणि तोही दोनदा ओढून पाहिला.

कदम सरांनी उगाच टायरला लाथ मारून हवा बघितली. सर म्हणाले, "ती अशी बघत न्हाईत," आणि गाडीत बसले. इंडिकेटर लागला, गाडी वळली आणि सावकाश निघाली. मागच्या काचेतून पिशवीतून वर आलेली नारळाची शेंडी दिसत होती.

आम्ही दारातच उभे होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला वळण आहे. सकाळची वेळ, रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही, शेरडूसुद्धा नाही. सर नेहमीसारखे लांबूनच पाय उचलून रांगत जाऊन वळले असते. पण टोकाशी गेल्यावर गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे लागले. नुसते लागले नाहीत, आम्हाला नीट दिसावेत इतका वेळ लागून राहिले. पुढचा रस्ता मोकळा होता.